सातेरीची माती

शिमग्याच्या आधी वनखात्याची माणसं वाडीच्या वरच्या अंगाला जाळपट्टा काढून गेली. वणवा खाली उतरू नये म्हणून दरसाल काढतात, पण त्या वर्षी साहेब नवा होता आणि नव्या साहेबाला काम दिसावं लागतं. सागाचं, ऐनाचं, पळसाचं सगळं पान त्यांनी डोंगरावरून खरवडून काढलं आणि ढीग लावून पेटवून दिलं. उतार बोडका झाला. वाडीला बरं वाटलं, यंदा धुराची भीती नाही. एकट्या बाळा परबाला मात्र तो उतार बघून चैन पडेना, कारण त्या पानांवर कोण जगतं ते त्याला ठाऊक होतं.

डोंगरात वाळवी काही एका जातीची नसते. एक पडल्या पानावर मातीची चादर ओढून खाली बसून जेवते. एक ऐनाच्या सालीवर लेप देत चढते. एक वठलेल्या खोडात घर करते, तर एक नुसती मातीच खाते आणि कुणाच्या अध्यामध्यात नसते. वारूळ उभारणारी आणखी निराळी. पानं होती तोवर हे सगळं बिऱ्हाड वरच्या वर सुखात होतं. आता पान नाही, मातीतली ओल खोल गेलेली, डोंगर तव्यासारखा तापलेला. मग भुकेला माणूस जिथे जातो तिथेच वाळवीही जाणार. खाली वाडी होती, वाडीत पाण्याची पिंपं होती, मोऱ्या होत्या आणि लाकूड होतं.

मुलुंडच्या बंद पडलेल्या दगडखाणीला लागून ही वाडी. बाळाच्या बापाने गिरणीत असताना इथे घर बांधलं. चार कोपऱ्यांना सिमेंटचे पाइप, वर पत्रे, आणि सगळा भार खोली आणि मागची पडवी यांच्या मधल्या एका लाकडी खांबावर. खांब फणसाचा आहे, त्याला कीड लागायची नाही, असं म्हातारा मरेपर्यंत सांगत राहिला. खांब आंब्याचा होता. बाळाने एकदा खिळा ठोकताना ते ओळखलं, पण बापाला बोलला नाही आणि नंतर बायकोलाही नाही.

पोटासाठी बाळा वाळवीच मारत असे. जयवंत नावाच्या एका पेस्ट कंट्रोलवाल्याकडे तो अर्धं आयुष्य कामाला होता. ड्रिल मशीन खांद्यावर घ्यायचं, बोरीवलीच्या नाहीतर कांजूरमार्गच्या सोसायटीत शिरायचं, भिंतीच्या कडेने लाद्यांना भोकं पाडायची, पिचकारीने औषध सोडायचं आणि भोकं पांढऱ्या सिमेंटने बुजवायची. मशीनमुळे हाताला रात्रभर मुंग्या येत. सोसायटीत सामानाची लिफ्ट वापरायला सांगत, ती बंद असली की जिना. पाणी प्लास्टिकच्या ग्लासात मिळे आणि लघवीला खाली वॉचमनकडे जावं लागे. अशा माणसाच्या घरात वाळवी निघावी, म्हणजे दिव्याखाली अंधारच म्हणायचा.

निघाली ती मागच्या पडवीत, मधल्या खांबाच्या बुडाशी. तिथली जमीन मातीची होती. आधी अंगठ्याएवढा उंचवटा दिसला, चार दिवसांनी मूठभर, होळीपर्यंत गुडघ्याला लागेल एवढं वारूळ झालं. बाळा स्क्रूड्रायव्हर घेऊन खाली बसला तशी नलिनी, त्याची बायको, भांडी टाकून आली आणि मध्ये उभी राहिली.

"हात लावशात तर माझी शपथ आसा. वाळवी न्हय ही. सातेरी ही."

नलिनीच्या माहेरी, मालवणाकडे, गावदेवीच्या गाभाऱ्यात मूर्ती नाही. वारूळच आहे, तीच सातेरी, तिलाच लुगडं आणि तिलाच मुखवटा. घरात वारूळ आलं तर तिकडे कोणी ते फोडत नाही. घर देवीचं होऊन जातं आणि माणसं तिची भाडोत्री होतात. हे बाळाला सांगायची गरज नव्हती, तोही त्याच मुलखातला, त्याच्या गावीही सातेरीचंच देऊळ. त्याने आपल्या परीने सांगून पाहिलं की ही खांब खाणार, घर डोक्यावर येईल.

"गावात भाऊबंदकीपायी माका देवळाची पायरी चडाक देवक नाय तुमच्या माणसांनी," नलिनी म्हणाली. "आता ती आपल्या पायान चलान माझ्या दारात इली. तिका मी भायर काढू?"

बाळा उठून उभा राहिला. त्याने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला. नलिनीने वारुळाला हळदकुंकू लावलं, पिंपातलं पाणी शिंपडलं, आपली लग्नातली हिरवी साडी फाडून तिचा पदर गुंडाळला.

नलिनी नाहूरच्या टॉवरमध्ये भांडी घासायची. तिथे ती 'भांडीवाली' होती, वाडीत 'परबांची'. एवढ्या वर्षांत तिला नावाने हाक मारणारं असं कोणी उरलंच नव्हतं. वारूळ वाढलं आणि शेजारची चंपा ओटी घेऊन आली. तिच्या मागून पलीकडच्या आळीतल्या आल्या, मग खालच्या चाळीतल्या. नारळ आले, खण आले. बायका नलिनीच्या पाया पडू लागल्या, तिला 'सातेरीची आई' म्हणू लागल्या. बाळा कामावरून येई तेव्हा पडवीत उदबत्तीचा वास असे आणि बायकोच्या चेहऱ्यावर लग्नानंतर कधी न पाहिलेलं तेज असे. त्याला तिचा हेवा वाटे आणि तिची कीवही येई.

त्यातच कॉलेजातली एक मुलगी, स्वरदा तिचं नाव, पाणी प्यायला घरात आली. ती कोरड्या डोंगरातल्या वाळवीचा अभ्यास करत होती. उतारावर तिने लाकडी खुंट्या पुरल्या होत्या आणि कुठली जात कुठली खुंटी खाते ते ती उन्हातान्हात उकिडवी बसून पाहत असे. वारूळ बघून ती हरखली. आत राणी असते, ती पुष्कळ वर्षं जगते, असं तिने नलिनीला सांगितलं. नलिनीने हात जोडले. शास्त्रानेही शिक्का मारला, आता बोलायची सोयच राहिली नाही. जाता जाता ती मुलगी बाळाला म्हणाली की वारुळातली बहुतेक पालापाचोळा आणि गवत खाणारी आहे, खांबातली वेगळी असू शकेल, जरा नीट बघा. बाळा मनात हसला. उभा जन्म ज्याने वाळवी मारली त्याला पोरगी वाळवी शिकवत होती.

तो रोज खांब वाजवून बघे. स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने ठोकायचं आणि कान लावायचा, ही त्याच्या धंद्यातली रीत. भरीव लाकूड 'ठक' बोलतं. खांब आधी बुडाशी 'डब' बोलू लागला, मग कमरेशी, मग छातीशी. खाली खसखशीसारखे बारीक दाणे पडलेले असत. पत्र्याचा गंज असेल म्हणून त्याने ते झाडून टाकले. डोळ्यासमोर गुडघाभर वारूळ उभं असताना खसखस कोण निरखतो.

त्याच सुमाराला श्रुतिका माहेरी आली. एकुलती एक लेक. सासर कांजूरमार्गला, नवरा राजेश लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर. सातवा लागला होता, पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं. आईने तिची गादी पडवीत खांबाला लागून घातली, कारण घरात तेवढीच जागा गार होती आणि देवीच्या पायाशी होती. श्रुतिका हात पोटावर ठेवून तिथे पडून राही. तिच्या बरोब्बर वर आढं होतं, आढ्यावर पत्रे, पत्र्यांवर वाऱ्याने उडू नयेत म्हणून बाळाने ठेवलेले खाणीतले दगड. बाळाने एकदा खाली पडून तिच्या जागेवरून वर पाहिलं. त्या रात्रीपासून त्याला झोप लागेना. आपण मरू त्याचं एवढं काही नव्हतं. पण ते मूल अजून जगात यायचं होतं आणि त्याची पहिली झोप या खांबाखाली होणार होती.

गादी हलवायचं त्याने काढलं तर नलिनी ऐकेना. श्रुतिकाही म्हणाली, "पप्पा, पुढे पत्रा किती तापतो माहितीये ना? जीव जातो नुसता. इथेच बरंय."

मग त्याने लोखंडी पाइप आणायचा घाट घातला. लाकडी खांबाला जोड म्हणून एक पाइप उभा केला की भार वाटला जाईल, देवीलाही धक्का नाही. भंगारवाल्याकडून चांगला जाड पाइप घेतला आणि खांद्यावर टाकून तो डोंगर चढला. वाडी वनखात्याच्या हद्दीत पडत होती, बांधकामाचं काहीही वर न्यायला बंदी. नाक्यावरच्या गार्डने अडवलं. बाळाने सांगून पाहिलं, मुलगी बाळंतपणाला आलीये, खांब पोखरलाय. गार्ड त्याच्या लेकीच्या वयाचा होता. तो म्हणाला की मग घर रिकामं करा, तशीही नोटीस येणारच आहे. बाळा बराच वेळ पाइप खांद्यावर घेऊन उभा राहिला. गार्ड मोबाइलमध्ये बघत बसला. शेवटी बाळा वळला, पाइप खाली नेऊन भंगारवाल्याला परत दिला. खांद्याची कातडी सोलली होती. नलिनीने विचारलं तर मशीन लागलं म्हणाला.

आता हातात एकच गोष्ट उरली होती आणि ती रोज त्याच्या पिशवीतच असायची.

बोरीवलीला एका म्हाताऱ्या गुजराती बाईंच्या घरी काम निघालं. सागवानी देव्हाऱ्याला वाळवी लागली होती. बाईंनी पुनःपुन्हा विचारलं, वास तर येणार नाही ना, घरात नातसून पोटुशी आहे. बाळाने जयवंतने शिकवलेलं सांगितलं, हे नवीन औषध आहे, याला वासच नाही. मग त्याने देव्हाऱ्यातले देव बाईंच्या हातात दिले, त्यांनी ते दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवले, आणि तो कामाला लागला. देव उचलून बाजूला ठेवता येतात अशा घरांचा त्या दिवशी त्याला फार मत्सर वाटला. काम संपलं तेव्हा बाटलीच्या तळाला औषध उरलं होतं. नेहमी तो ते परत करी. त्या दिवशी केलं नाही.

दुसऱ्या दिवशी त्याने अंगात कणकण आहे म्हणून सुट्टी घेतली. नलिनी नाहूरला गेली. श्रुतिकाला घेऊन चंपा तपासणीला गेली. दुपारी वाडी उन्हाने मेल्यासारखी पडली होती. बाळाने दार लावलं, वारुळावरचा हिरवा पदर काढून घडी करून ठेवला आणि आधी हात जोडले. मग सळई घेऊन वारुळात वरून भोकं पाडली. आतून गार हवा आली, ओल्या पानांचा वास आला. पाणी न मिसळता, कच्चंच औषध त्याने प्रत्येक भोकात सोडलं. फ्लॅटमध्ये कोणी असं करत नाही. पण त्याला राणीपर्यंत पोचायचं होतं, एकदाच आणि नेमकं.

भोकं उघडी ठेवली तर नलिनीला कळलं असतं. त्याने मोरीजवळची माती घेतली, ज्या मगात बाटली विसळली होती त्याच मगात ती कालवली आणि बोटांनी भोकं लिंपली. वरून थोडी माती थापून उतार केला, हळदकुंकू परत लावलं, पदर गुंडाळला आणि रिकामी बाटली पिशवीत टाकली. काम सफाईदार झालं होतं. भोकं बुजवण्यात त्याचा हात धरणारा जयवंतकडे दुसरा नव्हता.

सकाळी तो डबा घेऊन निघत होता तेवढ्यात नलिनीने पडवीतून हाक मारली. तिचे डोळे भरून आले होते.

"बघल्यात? रातोरात वाडली. ताजी माती काढल्यान आयेन. आपली श्रुतिका हयसर आसा म्हणान."

बघितलं, असं म्हणत बाळा पायऱ्या उतरला. उतरताना त्याला हलकं वाटलं. तिला आनंद, आपल्याला खांब. कोणाचंच काही गेलं नाही, असं त्याने स्वतःला समजावलं.

चार-पाच दिवस बरे गेले. वारुळावर हालचाल उरली नाही, ते पत्र्याखाली वाळत गेलं. बाळाला गाढ झोप लागू लागली. एका संध्याकाळी श्रुतिकाच्या नखांत माती दिसली, पडवी सारवली असेल म्हणून त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. पोटुशी बाईला मातीचे डोहाळे लागतात, वारुळाची ओली माती तर जीव ओढून घेते, आणि ते बायका बायकांत ठेवतात, पुरुषांच्या कानावर घालत नाहीत. नलिनीही श्रुतिकाच्या वेळी गावी वारुळाची माती चाटत असे. बाळाला तेव्हाही ते कोणी सांगितलं नव्हतं.

कांजूरमार्गला एका दुकानाच्या पोटमाळ्यावर तो भोकं पाडत होता तेव्हा चंपाचा फोन आला. श्रुतिका सकाळपासून ओकत होती, मग हातपाय ताठले, डोळे फिरले. तिला चादरीच्या झोळीत घालून पोरांनी पायऱ्यांवरून खाली आणलं आणि रिक्षाने हॉस्पिटलला नेलं. बाळा मशीन तिथेच टाकून तसाच पळाला. पिशवी तेवढी खांद्याला राहिली.

हॉस्पिटलच्या व्हरांड्यात नलिनी भिंतीला टेकून जमिनीवर बसली होती. राजेशही आला होता, कपड्यांना ग्रीस तसंच. आतून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. त्या तरुण होत्या आणि दमलेल्या होत्या. रक्तदाब वाढला आहे, या दिवसांत त्याने असे झटके येतात, त्याचं इंजेक्शन दिलंय, असं त्यांनी सांगितलं. पण उलट्या आधीपासून कशा होत होत्या, हे त्यांना समजत नव्हतं. बाहेरचं काही खाल्लं का, कुठल्या गोळ्या, झाडपाल्याचं काही?

"काय नाय ओ डॉक्टर," नलिनी म्हणाली. "डाळभात. आणि सातेरीची माती, चिमूटभर, रोज सकाळी. ताजी होती. ती तर मी पण खाल्लेली हिच्या वेळेला."

डॉक्टरीणबाईंनी मान डोलावली, मातीने पोट बिघडू शकतं म्हणाल्या आणि आत जायला वळल्या.

 बाळाने बाकाची पाठ धरली. गप्प राहायचं तर त्याला काहीही करावं लागणार नव्हतं. रक्तदाब होता, इंजेक्शन दिलं होतं, डॉक्टरीणबाई पाठमोऱ्या झाल्या होत्या. जगातल्या कोणालाही ते कधी कळलं नसतं. बायकोची देवी राहिली असती आणि बायको 'सातेरीची आई' राहिली असती.

"डॉक्टर," तो म्हणाला, "त्या मातीत औषध आहे. वाळवीचं. मी टाकलंय."

पिशवीतून त्याने बाटली काढून पुढे केली. डॉक्टरीणबाईंनी ती हिसकावलीच, वरचं नाव वाचलं, किती टाकलं, पाण्यात की तसंच, एवढं विचारलं आणि बाटली घेऊन त्या आत पळाल्या. राजेश त्याच्याकडे बघत राहिला. नलिनी मात्र त्याच्याकडे बघत नव्हती. ती समोरच्या लादीकडे बघत होती.

"ती ताजी माती," ती म्हणाली.

"ती मी लायलेली," बाळा म्हणाला. "भोकां बुजवक."

नलिनीने आपला उजवा हात वर केला आणि अंगठा आणि बोट यांच्याकडे पाहिलं. याच दोन बोटांनी तिने चिमूट धरली होती. मग तिने हात पदराखाली झाकून घेतला.

श्रुतिका वाचली. मूल वाचलं नाही. मुलगा होता. राजेशच्या हातात एका पांढऱ्या कपड्यात गुंडाळून दिला तेव्हा त्याचे केस ओले होते. बाळाने डॉक्टरीणबाईंना गाठून विचारलं की औषधानेच ना? त्यांनी खोटं बोलायला नको म्हणून खरं तेच सांगितलं. रक्तदाबही खूप वाढला होता, नुसत्या त्याने पण असं होतं. नक्की कशाने, हे सांगता यायचं नाही. त्यांच्या बोलण्यात दिलासाही होता, पण बाळाला वाटलं, नक्की तूच मारलंस म्हणाल्या असत्या तर निदान पाय टेकायला जागा मिळाली असती.

घरी सोडलं तेव्हा राजेश तिला थेट कांजूरमार्गला घेऊन गेला. रिक्षात बसताना श्रुतिकाने बापाला जवळ बोलावलं. बाळाला वाटलं ती शिव्या देईल, त्याची तयारी होती.

"तुम्ही मला एकटीला सांगायचं होतंत, पप्पा," ती म्हणाली. "आईला नसतं सांगितलं मी. नुसती माती खाल्ली नसती."

रिक्षा गेली. बाळा फाटकाशी उभा राहिला, मागच्या गाड्या हॉर्न वाजवत होत्या.

वाडीत नलिनीने कोणाला काही सांगितलं नाही. चंपा एकदा ओटी घेऊन आली, तिला तिने दारातूनच परत लावलं. देवीक सुतक आसा, एवढंच म्हणाली. चंपाने ते खालच्या चाळीत सांगितलं आणि बायका यायच्या थांबल्या. नलिनी नाहूरला जायची, भांडी घासायची, घरी येऊन दोन भाकऱ्या टाकायची, त्यातली एक झाकून ठेवायची. बाळा ती खायचा. आपसांत त्यांचं बोलणं नव्हतं. तिने रडून घर डोक्यावर घेतलं असतं, त्याला मारलं असतं, तर त्याने पाठ पुढे केली असती.

शेवटी एका रविवारी त्याने पदर काढला आणि पहार घेऊन वारूळ खणायला लागला. नलिनी उंबऱ्यावर बसून बघत होती, तिने अडवलं नाही. वरची माती खापरासारखी फुटली. आत मधपोळ्यासारखी, वाळवीने पानांची चघळून केलेली पोळी निघाली, बुरशीने काळी पडलेली. सगळा पाचोळा. लाकडाचा भुस्सा त्यात कुठेच नव्हता. बाळाने एक पोळं हातावर चुरडलं, वास घेतला, दुसरं चुरडलं. तळाशी घट्ट मातीची कोठडी निघाली, तिच्यात राणी होती, बोटाएवढी, सुकलेली.

माती त्याने गोण्यांत भरली. भरल्यावर ती टाकायची कुठे, हे त्याला सुचेना. खाली ओहोळ होता, कचऱ्याच्या ढिगावर कोंबड्या चरायच्या, उतारावर पोरं खेळायची. एवढी वर्षं त्याने हे औषध दुसऱ्यांच्या लाद्यांखाली गाडलं होतं आणि वर पांढरं सिमेंट फासून तो निघून आला होता. आता गोण्या त्याच्याच घरात, खांबाला लागून उभ्या राहिल्या. नलिनी म्हणाली, थंयच असू दे. कितीतरी दिवसांत ती पहिल्यांदा बोलली.

संध्याकाळी खाली जमीन सपाट करताना त्याला परत ते खसखशीचे दाणे दिसले. श्रुतिकाची गादी होती तिथे त्यांचा बारीकसा ढीग झाला होता, आणि ढीग ताजा होता. बाळा मान वर करून बघू लागला. खांबावर, डोक्याच्या थोडं वर, टाचणीच्या टोकाएवढं एक भोक होतं. त्यातून एक दाणा खाली पडला.

ओलीशी, मातीशी, वारुळाशी काही संबंध नसलेली, सुक्या लाकडात राहणारी आणि तिथेच मरणारी वाळवी असते, हे त्याला माहीत होतं. बोरीवलीत कितीतरी कपाटांतून त्याने ती काढली होती, तिची विष्ठा अशीच दाणेदार पडते. त्याने स्क्रूड्रायव्हर घेतला आणि मुठीने खांबाला ठोकलं. आतून बारीक खरखर उठली, आढ्यापर्यंत गेली आणि थांबली.

नलिनीने ती ऐकली. ती उंबऱ्यावरून उठून जवळ आली.

"काय ता?"

"दुसरी जात," बाळा म्हणाला. "हीच खायत होती खांब. वारुळातली नाय."

नलिनीने खांबाकडे पाहिलं, मग गोण्यांकडे, मग त्याच्याकडे. हॉस्पिटलच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदा तिने त्याच्या तोंडाकडे नीट पाहिलं.

"मगे तिका कित्याक मारल्यात?"

बाळाने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला.  नलिनीने भिंतीला लावलेली श्रुतिकाची गादी ओढली, होती तिथेच खांबाखाली घातली, आणि आढ्याकडे तोंड करून तिच्यावर आडवी झाली.